यंत्राला ‘ळ’ कोण शिकवील?

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीची गर्दी टाळण्यासाठी, आमचा भाचा पांढुर्ण्याहून सौंसरला आमच्याकडे आला होता. तो एका लहान संस्थेच्या कचेरीत काम करतो. जुने अर्ज वाचणे, नोंदी करणे, पत्रांचे मसुदे लिहिणे ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवायची असे तेथे ठरले आहे. “मामाजी, बँकेत कॉम्प्युटर आलेला तुम्ही पाहिला आहे. आम्ही तयारी काय करावी?” असे त्याने विचारले, आणि आमच्या मनावरचे एक जुने ओझे हलले.

१९८३ साली बँकांची व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. कागदावर सारे रीतसर होते. आमच्या शाखेत मात्र पुष्कळ वर्षांनी एका सकाळी खोकी उतरली आणि तरुणांना तेवढे प्रशिक्षणास पाठविले गेले. लेजरच्या पानाची बेरीज तोंडी करणारे, सही पाहताच खातेदार ओळखणारे आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सारे काकाजी म्हणत, त्यांना कोणी काही विचारले नाही. त्यांची खुर्ची आवक-जावकच्या टेबलाशी गेली. २०००-२००१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा काकाजींनी अर्ज दिला. तो आम्हीच टाइप केला. ‘थांबा’ एवढा शब्दही आमच्या तोंडून निघाला नाही.

पुढे सहाच महिन्यांत एका काळ्यांच्या संत्र्याचे पैसे दुसऱ्या काळ्यांच्या खात्यात जमा झाले. एक मोहगावचे, दुसरे पिपळा नारायणवारचे, नाव एकच. यंत्राची बेरीज अचूक होती, माणूस चुकला होता. शेवटी काकाजींच्या घरी जावे लागले. त्यांनी आधी चहा पाजला, मग दोघांच्या वडिलांची नावेही सांगितली. आम्हांला मान वर करवेना.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. हिंदीच्या लिखाणात ‘ळ’ नाही. म्हणून आपले काळे कागदावर ‘काले’ झाले आणि पिपळ्याचे ‘पिपला’. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी आमच्या घरच्या जुन्या कागदांतला ‘ळ’ काही परतला नाही. नवे यंत्र जे लिहिलेले असेल तेच वाचून शिकते. कागदावर जे नाही ते त्याला ठाऊक नसते. आणि ठाऊक नसले तरी ते ठाम उत्तर देते.

म्हणून भाच्याला आम्ही सांगितले : आधी आपल्या वह्या नीट करा. कोणते काम यंत्राला द्यायचे आणि कोणते नाही, याची यादी सर्वांसमोर करा. प्रथम पन्नास जुने अर्ज हातानेही वाचा, यंत्राकडूनही वाचून घ्या, आणि फरक कोठे पडतो ते मांडा. लोकांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक वाटेल त्या यंत्रात भरू नका. त्यासाठी २०२३ साली कायदाच झाला आहे. शिकवणी कामाच्या वेळात ठेवा आणि ती शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांना द्या. कोणाची खुर्ची हलणार असेल तर त्याला ते आधी, समोर बसवून सांगा. मसुदा यंत्राचा असला तरी सही माणसाची असते, आणि जाबही माणसालाच द्यावा लागतो.

त्याने हे सारे लिहून घेतले. मग थोडे थांबून म्हणाला, “मामाजी, आमच्याकडेही एक काकाजी आहेत. पुढल्या वर्षी निवृत्त होतील. प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचे नाव नाही.”

“मग यादीत पहिले नाव त्यांचे लिही,” आम्ही म्हणालो. “शिकणारे म्हणूनही, आणि शिकवणारे म्हणूनही.”

जे तेव्हा बोलायला हवे होते, ते बोलायला आम्हांला पंचवीस वर्षे लागली.