शिक्क्याची चांदी

राज्य शासनाच्या सेवेत बत्तीस वर्षे मी कागदांवर शिक्के मारले आणि मारून घेतले. त्यामुळे शिक्का दिसला की मन निःशंक होते, ही माझी जुनी खोड. गेल्या दिवाळीनंतर ती थोडी सुटली.

१९८८ साली आईने आपली चांदी दोन्ही सुनांत वाटली. आमच्या सौभाग्यवतीच्या वाट्याला पैंजण आले. ते इंदूरच्याच एका दुकानातले, आतल्या कडीवर ‘९२५’ असा ठसठशीत ठसा असलेले. धाकट्या भावाच्या पत्नीला आजीचे तोडे मिळाले. जड, काळवंडलेले, शिक्का कुठेच नाही. ती काही बोलली नाही. मात्र सणावारी तिने ते तोडे कधी घातले नाहीत, आणि ‘जाऊबाईंचे शिक्क्याचे’ हे शब्द दोनचारदा माझ्या कानांवर आले.

आता भाऊ नाही. नातीच्या बारशाला वाळे करायचे म्हणून तोडे मोडायला ती माझ्याकडे घेऊन आली. मोडीचा भाव ठरण्यापूर्वी कस कळावा, म्हणून मी दोन्ही जिन्नस परीक्षण केंद्रात नेले.

९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे. निव्वळ चांदी फार मऊ, रोजच्या वापरात टिकत नाही. परंतु नुसता आकडा ही कुणाची हमी नव्हे. पोलादी ठसा कोणीही करून घेऊ शकतो. भारतीय मानक ब्यूरोने चांदीसाठी हॉलमार्क आणला तो २००५ साली. १ सप्टेंबर २०२५ पासून ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र सहा अक्षर-अंकांचा क्रमांक अशी पद्धत ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो. आमच्या पैंजणांवर आकड्याखेरीज काहीच नव्हते, आणि हे सदतीस वर्षांत मी एकदाही पाहिले नव्हते!

क्ष-किरणांचे यंत्र वरचा थरच वाचते, मुलामा असला तर फसते. म्हणून तेथील माणसाने दोन्ही जिन्नस एका जागी किंचित घासले. पैंजणांत चांदी शेकडा सत्तरही भरली नाही. तोडे निघाले शेकडा ९१ चे.

मग आठवले. आजोबांनी राणीछाप रुपये आटवून ते तोडे घरच्या सोनाराकडून घडवले होते, असे आई सांगे. आम्हाला ती बढाई वाटे. तो रुपया १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. (१९४० मध्ये सरकारने ती निम्म्यावर आणली.) अकरा भागिले बारा केले की शेकडा ९१.६७ येतात. डाकाची घट धरली तर आईचे बोलणे तंतोतंत खरे होते.

ओसरीवर बसून मी हे सारे भावजयीला सांगितले. ती बराच वेळ तोडे हातात घेऊन बसली. मग हळूच म्हणाली, “भावजी, जाऊबाईंना सांगितलंत?”

सांगण्याची गरज नव्हती. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती रिठ्याचे पाणी आणि जुना ब्रश घेऊन बाहेर आली, तिच्याशेजारी बसली आणि एक तोडा तिच्या हातून घेऊन घासू लागली. वाळ्यांसाठी पैंजण मोडले.