सहा खणांची

दूधविनायकातल्या आमच्या वाड्याच्या देवडीत काकांची स्कूटर उभी असते. तिच्या पाय ठेवायच्या जागेखाली, स्क्रूंनी बसवलेल्या झाकणाआड बॅटरी राहते. अर्ध्या विटेएवढी, काळी, हातात घेतली की आकाराच्या मानाने फार जड. आतमध्ये शिसं आहे म्हणून जड. तिला कुणी बघत नाही. दिवा लागतो तो दिसतो, हॉर्न वाजतो तो ऐकू येतो, ती मात्र पायाखालीच.

तिला आतून सहा घरं असतात. प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये आम्ल शोषून बसलेली काचेच्या तंतूंची पातळ गादी. एकेका घराचे जेमतेम 2.1 व्होल्ट. मी त्यांना खण म्हणते. काशीतल्या मराठी मोहल्ल्यांत, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला घर खणांनीच मोजता येतं. सहाही खण धड उभे असले तर बेरीज साडेबाराच्या वर जाते. एक खचला की सगळं घर खाली येतं.

आमच्या पहिल्या बॅटरीचा खण खचला तो पौषातल्या धुक्यात. काका गुरुजी आहेत. यजमानांचा अभिषेक असला की पहाटे बांसफाटकाच्या फूलमंडीत जातात. त्या दिवशी बटण दाबलं, तर नुसतं टकटक झालं. किकही वाया गेली. जुन्या स्कूटरी किकवर निभावून जायच्या. 2020 नंतरच्या गाडीत पेट्रोल आत सोडायचं कामही विजेवर चालतं, म्हणून बॅटरी अगदीच मेलेली असेल तर पायाचा जोर पुष्कळदा उपयोगी पडत नाही. मिस्त्रीने ती रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी मीटर टेकवला. 10.5. “पंडितजी, एक सेल बैठ गया,” तो म्हणाला. साडेबारातून दोन वजा केले की कळतंच.

थंडीने घेतली, असं सगळे म्हणाले. मला ते पटलं नाही. थंडीत तिची ताकद कमी पडते हे खरं, पण तिला आतून पोखरतो उन्हाळा. बॅटरी सतत दहा अंशांनी जास्त तापत राहिली तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा जुना ठोकताळा आहे. बनारसचा ज्येष्ठ पंचेचाळीसला टेकतो. ज्येष्ठात झालेली इजा पौषात दिसते, एवढंच.

आणि त्याहून मोठं दुखणं अर्धपोटी राहण्याचं. सेल्फ मारताना काही क्षण तिच्याकडून तिच्या क्षमतेच्या कितीतरी पट प्रवाह खेचला जातो. तो तिला परत मिळायचा तर इंजिन बऱ्या वेगाने काही वेळ चालायला हवं. आमच्याकडे मैदागिनपर्यंत जायचं, थांबायचं, पुन्हा सेल्फ. गल्लीत सांड आडवा उभा, म्हणून हॉर्न. ब्रेकचा दिवा. 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवाही भर दुपारी जळतो आणि मंद इंजिनच्या थोड्या विजेतला घास घेतो. ती रोज देते जास्त, घेते कमी. अशी अर्धी रिकामी राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात. कोवळे असताना चार्जिंगने विरतात, पण कडक झाले की जात नाहीत. परदेशांत शेतातून, चिखलातून हिंडणाऱ्या चार जाड चाकांच्या गाड्या असतात. त्या महिनोन्महिने शेडमध्ये उभ्या राहतात आणि त्यांच्या बॅटऱ्या याच खड्यांनी मरतात. तिथे उपवास, इथे अर्धपोट.

दुसरी बॅटरी आम्ही घाईत आणली. दुकानदाराने जास्त अँपिअर-अवरची दिली आणि मोठी म्हणजे चांगली असं सांगितलं. ती खोबणीत नीट बसेना, पट्टा आवळता येईना, दगडी फरसबंदीवर हादरत राहिली. तिच्या अंगावर छापलेली तारीख आम्ही नंतर वाचली. वर्षभर ती दुकानात पडून होती. वर्षातच गेली. मला अजून वाईट वाटतं, कारण तिचा काहीच दोष नव्हता.

तिसरीच्या वेळी मी काकांबरोबर गेले. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा लिहून नेला: 12 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर. लांबी-रुंदी-उंची टेपने मोजून घेतली. अधिकचं टोक कुठल्या हाताला येतं तेही पाहिलं, कारण उलट्या टोकांच्या बॅटरीला वायर पोचत नाही, आणि ताणून जोडली तर चूक व्हायची भीती. तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती. मीटर तिथेच लावायला सांगितला. जुनी देऊन टाकली, त्याचे पैसे बिलातून वळते झाले. शिसं वितळून पुन्हा शिसंच होतं. प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शिशाच्या पत्र्यांची पहिली अशी बॅटरी केली, तेव्हापासून हा धातू किती घरं फिरला असेल.

काढताना आधी उणं टोक, जोडताना ते शेवटी. टोकांवर व्हॅसलीनचा पातळ हात. हिला पाणी घालायचं नसतं, झाकण उघडायचंच नाही. माडीवरच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पाणी पिते, पण डिस्टिल्डच. गंगेचं पाणी कितीही पवित्र असो, त्यातले क्षार तिला सोसत नाहीत. काकांनी हे एकदा ऐकलं आणि तिथे वेगळी बाटली ठेवली.

मग प्रश्न आला की हिच्याकडे महिन्यातून एकदा बघायची आठवण कोण ठेवणार. काकांनी तो विनायकावर सोपवला. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत सगळे उपाशी बसलेले असतात, स्कूटर सकाळपासून उभी असते, म्हणजे मीटरचा आकडाही खरा येतो. झाकण काढायचं, दोन्ही टोकांना तारा टेकवायच्या. 12.4 च्या खाली असेल तर छोटा चार्जर लावायचा, अर्ध्या अँपिअरचा, सावकाश. घाईने भरलेलं तिला मानवत नाही. एरवी आठवड्यातून एकदा काका सारनाथपर्यंत जाऊन येतात, वाटेत इंजिन बंद न करता.

आकडा ते पंचांगाच्या समासात लिहितात, चंद्रोदयाच्या वेळेशेजारी, पेन्सिलीने. 12.7. 12.6. 12.7. परवाच्या संकष्टीला 12.5 आला, 12.4 च्या वरच होता, तरी मोदक ताटात वाढलेले असताना काका उठले आणि देवडीत चार्जर लावून मग जेवायला बसले.