किल्ली खिशात, घर कोर्टात

मार्च २०२२ मध्ये मी उरण तालुक्यातल्या एका गावात जुनं कौलारू घर विकत घेतलं. निदान पुढची दोन वर्षं मी भेटेल त्याला तसं सांगत होतो. घरमालक ओळखीचे, मी त्यांना काका म्हणतो. सौदा अठरा लाखांना ठरला. पाच लाखांचा चेक विसार म्हणून दिला, शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर दोघांनी सह्या केल्या. सहा महिन्यांत खरेदीखत करायचं, हे वाक्य मीच हट्टानं घालून घेतलं. काकांनी घराची किल्ली हातात ठेवली. "आता घर तुझंच समज." मी लगेच समजलो.

सहा महिने झाले. "वारसनोंद अडकलीय, जरा थांब," काका म्हणाले. मी थांबलो. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी लोकलचा मार्गही उरणपर्यंत खुला झाला. मोऱ्याहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जाण्यात माझी उमेदीची वर्षं गेलेली. आनंदानं पेढे वाटले, काकांनाही दिले. पंधरवड्यात त्यांचा निरोप आला: भाव कुठल्या कुठं गेलाय, अठरात जमायचं नाही, विसार परत घेऊन जा.

मी तडक त्या घरी गेलो. किल्ली कुलपात शिरली, पण फिरेना. तीन-चारदा खटपट केल्यावर शेजारच्या म्हातारीनं ओट्यावरून सांगितलं, "कुलूप नवीन हाय."

वकिलाकडे जायला मला त्यानंतर दीड वर्ष लागलं. काकांना पाझर फुटेल, ही आशा. जून २०२५ मध्ये एका वकीलबाईंसमोर कागद ठेवला आणि म्हणालो, "हे माझं खरेदीखत." त्यांनी चष्मा वर केला. "हे साठेखत आहे. म्हणजे पुढे विकण्याचं वचन. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या साठेखतानं घरात तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही." दोन वर्षं मी ज्याला घर म्हणत होतो, तो शंभर रुपयांचा कागद निघाला.

"मग उपाय?" "स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा." परफॉर्मन्स म्हटल्यावर मला आधी गावच्या जत्रेतला ऑर्केस्ट्राच आठवला. मराठीत याला कराराची विशिष्ट पूर्ती म्हणतात. तेही कळेना, तेव्हा मी माझ्यापुरता अर्थ लावला: ठरलं तसं करायला लावणं. नुकसानभरपाई घेऊन गप्प बसायचं नाही, तर घरच मागायचं. कायदा १९६३ चा. पूर्वी असा हुकूम द्यायचा की नाही, हे न्यायाधीशांच्या विवेकावर असे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातल्या अटी पुऱ्या झाल्या, तर काही अपवाद सोडता तो द्यावाच लागतो. आणि हुकूम होऊनही काकांनी सही नाकारली तर? "तर त्यांच्या वतीनं कोर्ट खरेदीखत करून देतं." मी खुर्चीत सावरून बसलो. फार लवकर सावरलो.

कारण पुढचा प्रश्न मुदतीचा होता. तीन वर्षं. मी बोटं मोजली: नकार जानेवारी २०२४ चा, म्हणजे २०२७ पर्यंत निवांत. बाईंनी करारातल्या त्या सहा महिन्यांच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. करारात तारीख ठरली असेल तर तीन वर्षं तिथून मोजतात. ती नसेल तरच नकार कळल्यापासून. माझी मुदत सप्टेंबर २०२५ लाच संपत होती. ती ओळ कोणी घालायला लावली, हे मी सांगितलं नाही.

आता पुरावे. करार नोंदवलेला नव्हता. तरी करारपूर्तीच्या दाव्यात असा कागद पुरावा म्हणून चालतो, हे ऐकून धीर आला. उत्साहात मी हुकमाचं पान म्हणून खिशातून किल्ली काढली. बाईंनी कपाळाला हात लावला. ताबा दिलेला असेल, तर महाराष्ट्रात अशा करारावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागतं. ते भरलेलं नाही, म्हणून फरकाची रक्कम आणि वर दरमहा दोन टक्के दंड भरल्याशिवाय कोर्ट तो कागद पुराव्यात घेणार नाही. जी किल्ली कुलपाला लागत नव्हती, ती माझ्या खिशाला बरोबर लागली.

"ठीक. तुमची तयारी होती?" "होती की!" "दाखवा." मला वाटलं होतं, कोर्ट काकांना विचारेल, शब्द का मोडला. पण वादी मी, त्यामुळे पहिली झडती माझी. उरलेले तेरा लाख द्यायला मी सुरुवातीपासून तयार होतो आणि माझी ऐपत होती, हे मलाच सिद्ध करायचं. रोकड नेऊन समोर ठेवायची गरज नसते, पण पासबुक, ठेवी, कर्जमंजुरीचं पत्र काहीतरी हवं. डिसेंबर २०२३ मध्ये माझ्या पासबुकात एक्केचाळीस हजार होते, कारण मी गाडी घेतली होती. २०२२ चं कर्जमंजुरीचं पत्र कपाटात सापडलं म्हणून वाचलो. लेखी नोटीस एकही नाही. रात्रभर व्हॉट्सॲपवरची सुप्रभातची फुलं उपसली, तेव्हा कामाचे दोन मेसेज मिळाले. एकात मी लिहिलं होतं, "काका, पैसे तयार आहेत, कधी करायचं?" उत्तरात त्यांचा अंगठा.

दावा ऑगस्टमध्ये दाखल झाला. वादपत्रात घराबरोबर, ते न मिळाल्यास विसार परत मिळावा, अशीही मागणी होती. "पैसे नकोत मला," मी बाणेदारपणे म्हणालो. "मागितले नाहीत तर कोर्ट देणार नाही," बाई म्हणाल्या. बाणा तिथेच सोडला. मग दुय्यम निबंधकांकडे दाव्याची नोटीस नोंदवली. आपल्याकडे ती नोंदवली, तरच मधल्या काळात घर घेणारा त्या निकालाला बांधला जातो. दावा केला की सगळ्या जगाला आपोआप कळतं, असा माझा समज होता.

दावा अजून चालू आहे. निकाल माझ्या बाजूनं लागला, तरी कोर्टानं दिलेल्या मुदतीत तेरा लाख भरले नाहीत, तर काका करार रद्द करून मागू शकतात. म्हणून गाडी विकून ते पैसे ठेवीत टाकलेत आणि पासबुक दर महिन्याला भरून आणतो.

तुम्ही साठेखत करणार असाल, तर ते पुरेशा मुद्रांकावर करा आणि नोंदवा. ठरलेली तारीख टळली की दुसऱ्याच दिवशी लेखी नोटीस द्या. आणि पेढे खरेदीखत झाल्यावर वाटा.