छर्रे, तारा आणि मजुरी

आमच्या मोहल्ल्यात ट्रायथलॉन हा शब्द मी आणला, असं म्हणायला हरकत नाही. आल्यापासून त्याचे हाल चालू आहेत. कुणी ‘ट्रायल’ म्हणतं, कुणी ‘टायरवाला खेल’. शेवटी मी एवढंच सांगायला लागलो की आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं आणि मध्ये बसायचं नाही. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकपासून हा खेळ तिथे आहे. अंतर दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर धावणं. पोहायला अब्बांनी मला मिरजेच्या कृष्णा घाटावर शिकवलं, त्याला पैसा लागला नाही. धावायला बूट लागतात, ते घेता येतात. खरा खर्च मधल्या टप्प्याचा. या खेळाची नवी सायकल लाखांत जाते आणि आमची शाळा टप्पा अनुदानावर. बी.एड. होऊनही पगाराचे टक्के मोजणाऱ्या माणसानं ती दुकानाच्या काचेतूनच पाहावी.

माझी सायकल पुरातून आली. सांगलीतल्या एका डॉक्टरांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी ती परदेशातून आणली होती. ऑगस्ट २०१९च्या महापुरात ती तळमजल्यावर बुडाली आणि पाणी उतरल्यावर जिन्याखाली तशीच पडून राहिली. सांगाडा ॲल्युमिनियमचा, म्हणून वाचला. जे जे पोलादाचं, ते लाल झालं होतं. सात हजारांत मिळाली. दुरुस्तीसाठी मी बारा हजार बाजूला काढले. ते पैसे स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलण्यासाठी साठवलेले होते. बायको ‘घ्या’ म्हणाली, पण पावसाळ्यात गळतीखाली पातेलं ठेवताना ती एकदा पातेल्याकडे आणि एकदा सायकलीकडे बघायची. म्हणून बारा हजारांच्या वर एक रुपयाही जाणार नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आमच्या चौकातले मिस्त्री चाचा चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करताहेत. त्यांनी ते लांब शिंगांसारखं हँडल पाहिलं आणि म्हणाले, “मास्टर, ये सायकल है क्या ऊँट?” मग मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावला आणि हसू थांबवलं. पुरानंतर महिनाभर त्यांनी बुडालेल्या सायकलीच उघडल्या होत्या. “पानी से कुछ नई होता,” ते म्हणाले, “गाळ खाता है.” कोन उघडले, तर आत ग्रीसच्या जागी वाळलेला करडा गाळ. मागच्या चाकाचे पाव इंची छर्रे एका बाजूला नऊ, पुढच्याचे त्याहून बारीक, बाजूला दहा. सगळे नवे घातले, ग्रीस भरलं. खर्च दीडशे रुपये. संपूर्ण दुरुस्तीत चाकं एवढी मोकळी दुसऱ्या कशानं झाली नाहीत. सीटचा दांडा मात्र नळीत धरून बसला होता, तो सुटायला आठ दिवस लागले.

पैसा खाल्ला तो टायरनी. चाकं २६ इंची, तेव्हा टायर स्वस्तात मिळेल असं कुणालाही वाटेल. पण २६ इंच हे नाव एक आणि मापं अनेक. जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलींची रिम ५५९ मिलिमीटर, साध्या सायकलींच्या ‘सव्वीस – एक तीन अष्टमांश’ची ५९०, आणि त्या काळातल्या ट्रायथलॉन सायकलींची ५७१. चाचांच्या दुकानात टांगलेला एक टायर चढेना, दुसरा चढला तो सैल गजऱ्यासारखा. टायरच्या कडेला हा तीन आकडी नंबर उठवलेला असतो. जुनी सायकल घेणाऱ्यानं रंग पाहण्याआधी तो वाचावा. ५७१चे टायर आणि ट्यूब बाहेरून मागवाव्या लागल्या, ५,२०० रुपये गेले.

गिअरचं गणित मी आठवीच्या वर्गात करून घेतलं. उर्दूच्या पुस्तकातली ‘निसबत’ आणि ‘मुहीत’ मुलांना कोरडी वाटते. फळ्यावर लिहिलं : पुढे ३९ दाते, मागे २१, चाकाचा मुहीत १.९४ मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.६० मीटर जाते. मागे २५ दाते लावले तर ३.०३. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, मग कमी जाणारी कशाला घेता?” दंडोबाच्या चढावर घेऊन जाऊन त्याला उत्तर द्यायला हवं होतं. मागचे नवे दाते आणि चेन मिळून २,६०० रुपये. केबल, ब्रेकचे रबर आणि हँडलची पट्टी यांचे १,३००.

आता ज्याला पैसा लागला नाही ते. सायकलस्वाराला हवा अडवते, त्यात बहुतेक वाटा सायकलीचा नसतो, माणसाच्या अंगाचा असतो. १९८९च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरमध्ये त्यानं तेवढे भरून काढले आणि ८ सेकंदांनी शर्यत जिंकली. त्याच्या सायकलीला ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेलं, कोपरं टेकवून वाकायचं हँडल होतं. केवळ हँडलमुळे जिंकला असं नाही, पण जगानं त्यानंतर ते हँडल गंभीरपणे घेतलं. माझ्या सायकलीला ते होतंच, फक्त बसायचं माप चुकीचं होतं. भिंतीला पाठ लावून, पायांमध्ये हजेरीपट धरून मी मांडीपासून टाचेपर्यंत माप घेतलं. ८१ सेंटिमीटर. त्याला ०.८८३नं गुणलं की ७१.५, म्हणजे मधल्या एक्सलपासून सीटची उंची. चाचांनी माप घेतलंच नाही. टाच पायडलवर ठेवायला लावली, गुडघ्याकडे पाहिलं, सीट वर केली आणि बोल्ट आवळला. फरक अर्ध्या सेंटिमीटरचा निघाला. कोपराखालच्या गाद्या सडल्या होत्या, तिथे जुन्या स्लीपरचं रबर कापून बसवलं. अजून टिकून आहे.

चाकांचा आऊट काढताना मात्र मी नुसता बघत राहिलो. चाचा प्रत्येक तार बोटानं छेडायचे. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या तारा जास्त ताणाच्या, त्यांचा सूर चढा, डावीकडच्या तारांचा उतरता. एखादी तार बेसूर लागली की निपलला पाव आटा द्यायचा. आमची मिरज सतार-तंबोऱ्यांची. हत्यारं बनवणारे शिकलगार इथे सतारी बनवायला लागले, आणि २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. चौकात बसून सायकलीच्या तारा सुरात लावणाऱ्या माणसाला कुठलं मानांकन नाही. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, आणि बरोबर करतो. पंक्चरवर घर चालत नाही.

मजुरीवरून आमचं भांडण झालं. आठ दिवसांच्या कामाचे चाचांनी तीनशे रुपये सांगितले, वर “मास्टर से क्या लेना” म्हणाले, कारण त्यांची नात माझ्या वर्गात आहे. माझ्या कागदावर पहिली ओळ मजुरीची होती, दोन हजार. हात आखडायचाच तर तो सुट्या भागांवर आखडावा, हातांवर नाही. आणि मजुराच्या मजुरीबद्दल दीनची ताकीद काय आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नातीचं नाव काढून ते नाही म्हणत राहिले. शेवटी मी म्हणालो, “चाचा, कमी घेतले तर उद्या मी दुसऱ्याची सायकल कोणत्या तोंडानं आणू?” तेव्हा घेतले. एकूण ११,२५० झाले. उरलेल्या साडेसातशेत पायघोळ टाइट घेतली. आखूड चड्डीवर नाभीपासून गुडघ्यापर्यंतचा प्रश्न येतो, आणि फजरच्या नमाजनंतर थेट निघायचं तर कपडे बदलायला वेळ नसतो.

दंडोबाचा चढ आता २५ दात्यांवर बसूनच पार होतो. पत्रे अजून बदलायचे आहेत. या वर्षी शर्यतीची फी भरायची नाही, असं घरात ठरलंय.

गेल्या महिन्यात सांगलीचे एक इंजिनिअर त्यांची महागडी सायकल घेऊन चाचांकडे आले. चाचांनी मला बोलावून विचारलं, “इनको कितना बोलूँ?” मी पुठ्ठ्यावर उर्दूत आणि मराठीत दर लिहून दिले. एका चाकाचा आऊट, अडीचशे रुपये. चाचांनी तो वाचला, फडक्यानं पुसला, आणि भिंतीवर न लावता गल्ल्यात ठेवला. इंजिनिअरांकडून त्यांनी दोनशे घेतले.