लाही आणि मोहरी

रविवारी सकाळी आठ ते साडेआठ आमच्या घरात तीन गोष्टी बंद असतात: टीव्ही, एक्झॉस्ट पंखा आणि माझं तोंड. कुकर लावायचा नाही, मिक्सर फिरवायचा नाही. आई स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून, माझ्याकडे पाठ करून मेथी निवडत बसते. मी गॅससमोर उभा असतो. लोखंडी कढईत दीडशे ग्रॅम हिरवी कॉफी आणि हातात लाकडी उलथणं. दाणे सतत हलते ठेवायचे, एका जागी क्षणभरही टेकू द्यायचे नाहीत. हात भरून येतो, पण थांबता येत नाही. कधी थांबायचं ते आई सांगणार असते.

कच्ची कॉफी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिचा कॉफीशी काही संबंध आहे असं वाटतच नाही. रंग जुन्या वाटाण्यासारखा, करडट हिरवा. वास पोत्याचा, फार तर वाळल्या गवताचा. दाणा इतका टणक की दाताखाली घ्यायचं धाडस होत नाही. एवढ्या निर्विकार बीमध्ये तो वास कुठे दडून बसलेला असतो, हे मला अजून नीटसं उमगलेलं नाही. पुस्तकातलं उत्तर ठाऊक आहे. उष्णतेने शर्करा आणि अमिनो आम्लं एकमेकांत मिसळून शेकडो नवी गंधद्रव्यं जन्मतात. लुई-कामी मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही प्रक्रिया मांडली. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला रवा, खरपूस कांदा, सगळीकडे तीच. उत्तर बरोबरच आहे. कढईसमोर उभं राहिल्यावर ते आठवत नाही, एवढंच.

ही कढई आईची. चकलीची भाजणी, दिवाळीचा चिवडा, शेंगदाण्याचं कूट, सगळं तिच्यातच व्हायचं. भाजणीसाठी तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडदाची वेगळी, शेवटी धणे-जिरे. प्रत्येकाची वेळ निराळी आणि त्यातली एकही घड्याळात बघून ठरलेली नाही. ती बाहेरच्या खोलीत कुणाशी बोलत असे, मध्येच वाक्य तोडून उठे आणि गॅस बंद करून येऊन तेच वाक्य पुढे चालू करी. नाकाने तिला बोलावलेलं असे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने तिचा वास नेला. इतरांचा आठवड्या-दोन आठवड्यांत परत आला, तिचा आला नाही. दूध उतू जातं ते दिसतं, पण करपतं ते आधी वासालाच कळतं. त्या दिवाळीत तिची उडदाची डाळ जळली. डाळ केराच्या डब्यात टाकून ती एवढंच म्हणाली, "विकतची आणू या." आणि कढई माळ्यावर गेली.

ती मी खाली काढली ती कॉफीसाठी, म्हणजे निव्वळ चैनीसाठी. चिकमगळूरच्या एका बागेतून अर्धा किलो कच्चे दाणे मागवले होते. जात एस-७९५, बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राने घडवलेली, आपल्याकडची जुनी आणि भरवशाची. पहिला घाणा कोळसा झाला. दुसऱ्याला मी इतका घाबरलो की दाणे बाहेरून तपकिरी आणि आतून कच्चे राहिले. त्याची कॉफी हरभऱ्याच्या टरफलांच्या काढ्यासारखी लागली. तिसऱ्या वेळी मी टॉर्च घेऊन दाण्यांचा रंग न्याहाळत होतो, तेव्हा बाहेरून आईचा आवाज आला, "अरे, लाही फुटायला लागली. बघतोस काय?"

मला काही ऐकूच आलं नव्हतं. डोक्यावर एक्झॉस्ट घोंघावत होता.

कॉफीच्या भाषेत याला 'फर्स्ट क्रॅक' म्हणतात. कच्च्या दाण्यात दहा-बारा टक्के पाणी असतं. तापता तापता त्याची वाफ होते, आतला दाब वाढतो आणि साधारण दोनशे अंशांच्या आसपास दाणा फुटतो, टप्प, टप्प, आधी एखादा, मग पुष्कळ. आवाज थेट मक्याच्या लाहीचा. दाणा फुगतो, त्याच्या घडीतली चंदेरी साल सुटून कढईभर उडते. इथून पुढे ती पिण्याजोगी कॉफी. नंतर थोडी शांतता पसरते आणि ही शांतताच खरी कसोटी. तशीच तापवत राहिलात तर दुसरी फूट येते, 'सेकंड क्रॅक'. तिचा आवाज वेगळा, बारीक, कोरडा, घाईघाईचा. आता दाण्याची कूसच मोडत असते, तेल वर येऊन दाणे चकाकू लागतात आणि त्यांच्या मूळ चवीवर भाजण्याची चव चढून बसते. काहींना तेच हवं असतं. मला नको असतं.

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आधी लाही, मग मोहरी. मोहरी तडतडायच्या आत उतरवायची."

तेव्हापासून आमच्याकडे हेच शब्द आहेत. मी महिनाभर इंटरनेटवर जे वाचत होतो, ते तिने फोडणीच्या दोन आवाजांत बसवलं. एवढंच नाही. लाही थांबल्यापासून मोहरीच्या पहिल्या ठिणगीपर्यंत किती जागा आहे, ते तिचा कान मोजतो. "आता," ती म्हणते, आणि मी कढई उतरवून दाणे रोवळीत ओततो, टेबल फॅनसमोर धरतो, मग सुपात घेऊन गॅलरीत पाखडतो. दाणे आतल्या उष्णतेने शिजतच राहतात, म्हणून ही धावपळ. दीडशे ग्रॅमचे एकशे अठ्ठावीस-तीस भरतात. बाकीचं वाफ आणि धूर झालेलं असतं, आणि थोडं फोलपट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत टाकलेल्या पातळांवर जाऊन बसलेलं असतं.

या काकू आमच्या कॉफीच्या सगळ्यात जुन्या टीकाकार. पहिल्या महिन्यात दोनदा जिना चढून वर आल्या. "अहो, गॅसवर काही लागलंय का?" भाजताना येणारा वास पेल्यातल्या कॉफीसारखा नसतोच, तो जळक्या तागाच्या जवळचा असतो. त्यांची चूक नव्हती. त्यांना पाहिलं की मला प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकची आठवण होते. प्रजेचा पैसा परदेशी कॉफीवर जातो, तिने आपली बिअर प्यावी, असं या राजाचं मत. १७८१ साली त्याने कॉफी भाजणं सरकारच्या ताब्यात घेतलं. परवान्याशिवाय घरी भाजायची नाही. पण घराघरातल्या चुलीवर नजर ठेवणार कोण? त्यासाठी लढायांत जायबंदी झालेले निवृत्त शिपाई नेमले. गल्ल्यांतून हुंगत हिंडायचं आणि भाजण्याचा वास आला की घरात शिरायचं. लोक त्यांना 'कॉफी हुंगणारे' असंच म्हणत. माणसाचं नाक सरकारी नोकरीत घेतल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आई म्हणाली, "मला नसतं घेतलं त्यांनी." आणि हसली. त्या विषयावर ती हसल्याचं ते पहिलंच.

फ्रेडरिकला बंदी घालावी लागली, कारण तेव्हा कॉफी घरीच भाजली जायची. तयार भाजलेली कॉफी ही तशी अलीकडची गोष्ट. अमेरिकेत १८६० च्या दशकात अर्बकल बंधूंनी ती कागदी पिशव्यांतून विकायला सुरुवात केली. वास उडू नये म्हणून दाण्यांना अंडं आणि साखरेचा लेप देत. त्याआधी घरोघरी तवा, कढई आणि करपलेले घाणे. इथिओपियात आजही पाहुणे आले की बाई त्यांच्यासमोर दाणे भाजते आणि धुरकटलेला तवा प्रत्येकासमोर फिरवते. पाहुण्याने हाताने धूर ओढून वास घ्यायचा आणि मग तीन वेळा कॉफी, प्रत्येक खेपेला आधीपेक्षा पातळ. मी हौस म्हणून जे करतो, ते तिथे रोजचं आतिथ्य आहे.

आणि आपल्याकडे? आजोबा कॉफीच्या बीला 'बुंद' म्हणत, 'बुंददाणे'. अरबीतल्या 'बुन्न'चं हे मराठी रूप मला 'कॉफी'पेक्षा जास्त आवडतं. बाबा बुडन यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. सतराव्या शतकात हा सूफी हजहून परतताना येमेनमधून सात दाणे लपवून घेऊन आला आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात त्याने ते लावले. डोंगराला आज त्याचंच नाव आहे. दंतकथेतला कुणी चौकशी न केलेला भाग मला मोलाचा वाटतो: लपवून का? कारण अरब व्यापारी उगवू शकेल असं बी बाहेर जाऊ देत नसत, उकडून किंवा भाजून मगच देत. भाजलेल्या बीला पुन्हा कोंब नाही, हा दाखला आपल्या संतवाङ्मयात जुनाच आहे. तिथे तो मोक्षाचा, इथे मक्तेदारीचा. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला, मेळघाटात. थोडीशीच, पण पिकते, हे सांगितल्यावर पुणेकरसुद्धा दोन मिनिटं गप्प बसतो.

भाजल्या भाजल्या कॉफी प्यायची नाही, हे मला उशिरा कळलं. दाण्यांत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो दोन-चार दिवस हळूहळू बाहेर येतो. ताज्या पुडीवर पहिलं गरम पाणी ओतलं की ती भिजल्या कणकेसारखी वर येते, फुगते, बुडबुडे सोडते. जुनी पूड नुसती भिजते. पंधरा ग्रॅम पूड, अडीचशे ग्रॅम पाणी, कागदाचा गाळप. वजनकाट्यावर ठेवून पाणी मोजताना मला आई कधीच गंभीरपणे घेत नाही. "औषध करतोयस का?" घरातला पितळी फिल्टरही चांगला आहे, दाट डिकॉक्शन त्याच्यातच. फक्त त्याची चव मला आधीपासून ठाऊक आहे, आणि हौस म्हणजे काही अंशी ठाऊक नसलेल्याची हाव.

चाखायला मी आईला बसवतो. याची सुरुवात भाबडेपणाने झाली होती, तिलाही सामील करून घ्यावं म्हणून. मग लक्षात आलं की माझ्या ओळखीत तिच्याइतका रोखठोक चाखणारा कुणी नाही. आपण जिला चव म्हणतो, तिच्यातला बराचसा भाग घशातून वर नाकात गेलेला वास असतो. तो वजा केला की उरतं जिभेचं: आंबट, कडू, गोड, खारट. तुरटपणा वेगळा. पाकिटांवर लिहिलेली जाई, संत्री, चॉकलेट ही सगळी नाकाची मखलाशी. ती तिच्यापर्यंत पोचत नाही. फार फिकी भाजलेली कॉफी मी मोठ्या अभिमानाने पुढे केली, तेव्हा ती म्हणाली, "कैरी घातलीस का?" पुढच्या खेपेला मी लाहीनंतर अर्धं मिनिट जास्त थांबलो. तिने घोट घेतला आणि पेला रिकामा केला. आमच्याकडे यापेक्षा मोठा शेरा नाही.

गेल्या जुलैत मी मॉन्सून्ड मलबार आणली. शिडाच्या जहाजांच्या काळात आपली कॉफी युरोपला पोचायला महिनोन्महिने लागत. खाऱ्या ओल्या हवेने दाणे फुगत, पिवळसर पडत, त्यांचा आंबटपणा जाई, आणि तिकडच्या लोकांना तीच चव पसंत पडली. पुढे प्रवास लवकर होऊ लागला आणि चव बिघडली, म्हणजे सुधारली. म्हणून आता मंगळूरकडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दाणे मुद्दाम उघड्या गोदामांत पसरून मोसमी वारं पाजतात. दाणे दिसायला सुजलेले, फिके, भुईमुगासारखे.

कढई तापली. दहा मिनिटं झाली, बारा झाली. बाहेर पाऊस. आईने मेथी खाली ठेवली.

"काहीच कसं ऐकू येत नाही? मुके दाणे आणलेस कुठून?"

खरंच फुटत होते ते इतके हलके की पत्र्यावरच्या पावसात मिसळून जात होते. माझे हात गळाले. मग ती उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदाच कढईकडे तोंड करून.

"वास कसला येतोय?"

"धुराचा."

"असं नको. नीट सांग. भाकरीसारखा?"

"भाकरीचा होऊन गेला."

"मग गूळ? पाकात टाकतो तसा?"

मी खाली वाकलो. "हो. गूळच. आणि शेंगदाण्याच्या सालांसारखं काहीतरी."

"सालं करपताहेत की नुसती तापलीत?"

"तापलीत."

"थांब अजून." तिने डोळे मिटले होते. सवयीने तीही वाकून धूर ओढत होती, छातीभर. "आता?"

"आता... गूळ कमी झाला. तीळ भाजल्यासारखं."

"उतरव. उतरव आधी."

त्या घाण्याची कॉफी तीन दिवसांनी प्यायलो. आईने तिच्यासाठी दुधात केली, साखर घालून, तिची जुनी पद्धत, माझ्या हौसेआधी या घरात हीच कॉफी होती, पाहुण्यांना आणि एकादशीला. मग डब्यातून जायफळ काढलं आणि किसणीवर घासू लागली. या तीन-चार वर्षांत तिने ते कधी सोडलेलं नाही. मी काही बोललो नाही, तिनेच किसणी माझ्याकडे सरकवत धरली.

"वास यायला लागला की सांग."

पेल्यावर नाक नेलं. दोन फेरे झाले, तीन झाले.

"बस," मी म्हणालो.

तिने आणखी एक फेरा दिला. "तुझ्या नाकाला जरा उशिरा कळतं," ती म्हणाली, "बाबांसारखं."