धा, धिन् आणि ठक्

परमेश्वराने माणसाला सगळं दिलं, पण सोबत तबलजी दिला नाही. त्यामुळे बस पकडायला आपण जिवाच्या आकांतानं धावलो, तरी बघणाऱ्याला हसूच येतं. तेच पडद्यावर कुणी धावू लागला आणि मागून डग्गा घुमला, की आपण खुर्चीत सरसावून बसतो.

खोटं वाटत असेल तर १९७५ सालचा 'शोले' आठवा. बसंतीचा टांगा पुढे, डाकू मागे. खरं पाहता एक घोडी, एक टांगा आणि पुष्कळशी धूळ. पण राहुलदेव बर्मन यांनी तिथे बनारसच्या पंडित सामताप्रसादांचा तबला घातला. टापा कुठल्या आणि तबला कुठला, कळेनासं होतं. धन्नोइतकाच आपल्यालाही दम लागतो.

२०१४ सालचा 'बर्डमॅन' घ्या. जवळजवळ सगळा चित्रपट एका दमात टिपल्यासारखा दिसतो. कात्री दिसू द्यायची नाही, म्हणजे वेग वाढवायची नेहमीची युक्ती गेलीच. ती कसर मेक्सिकोच्या अंतोनियो सांचेझने एकट्या ड्रम्सवर भरून काढली. ऑस्करवाल्यांनी मात्र, चित्रपटात आधीच रचलेलं शास्त्रीय संगीतही बरंच आहे, असं म्हणून ते ड्रम्स स्पर्धेतून बाद केले. ताल धरणाऱ्याला मागे बसवायची रीत तिकडेही आहे म्हणायची!

आमच्या पुतण्याला ही विद्या उपजतच आहे. गेल्या वर्षी सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. "संपलं माझं चालणं," असं ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची. मग एके दिवशी वॉकर धरून तिनं पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं टाकली. ती यानं मोबाइलवर टिपली, मागे ढोल-ताशा लावला आणि नातेवाइकांत फिरवली. ताशाची तर्री काय, ठोक्याठोक्याला बदलणारं दृश्य काय! आमची ही दाराकडे नव्हे, पन्हाळ्यावर चाल करून निघालीय असंच वाटावं. नागपूरच्या मावशींचा लगेच फोन, "अगं, पळायला लागलीस की काय?"

"काका, एनर्जी आली की नाही?" पुतण्यानं विचारलं.

आली होती. ते कबूल करायलाच हवं. पण ही म्हणाली, "अरे, ते वाजवणं जरा बंद कर. मूळचं दाखव."

त्यानं मूळचं लावलं. ठक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग हिचा श्वास. मग पुन्हा ठक्. मधूनच कुणीतरी "पाच... सहा..." मोजतंय. तो आवाज माझाच होता आणि फारसा स्थिर नव्हता. अकराव्या ठक्ला पुतण्यासुद्धा गप्प झाला.

'शोले'त ठाकूरचं घरदार मारलं जातं, तिथे नाही कुणी तबल्याची दौड लावली. तिथे झोपाळ्याची करकर ऐकू येते, आणि तेवढी पुरते. हात कुठे टाकायचा हे जाणणाऱ्याला तो कुठे उचलायचा हेही ठाऊक असतं.

ढोलवाली फीत नातेवाइकांकडे राहिली. ठक्ठकवाली हिनं आपल्यापाशी ठेवलीय. हल्ली ती वॉकरशिवाय कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाते, आणि भाव करून परत येते. लय अजून विलंबितच आहे. पण सम चुकत नाही.