शिक्क्यातली तारीख

मामाने हातात ट्रिपल झिरोचा ब्रश घेतला की घरात कुणी पंखा लावायचं नाही. टेबलावर कोरं पाकीट, ते ताठ राहावं म्हणून आत सरकवलेलं कार्ड, आणि बशीत काळ्यात निळा मिसळून केलेला करडा रंग. त्या करड्यातून ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका हळूहळू वर यायची. आधी लांबलचक डेक, मग त्यावरचा मनोरा, शेवटी नाळेपाशी फुटलेला फेस. तो फेस म्हणजे रंग न लावता सोडलेला कागद. पाकिटाची उजवी बाजू मामा रिकामी ठेवायचा. तिथे तिकीट बसणार आणि शिक्का पडणार.

1984 मध्ये राष्ट्रपतींनी मुंबईच्या समुद्रात आरमाराची पाहणी केली, तेव्हा टपाल खात्याने एक-एक रुपयाची चार जोडतिकिटं काढली होती. एकावर विक्रांत होती. मामाने रंगवलेलं पाकीट घेऊन आम्ही मुंबईच्या जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कचेरीत गेलो. त्या भल्यामोठ्या घुमटाखाली कारकुनाने शिक्का शाईवर टेकवला, क्षणभर थांबला आणि सरळ दाबून उचलला. शिक्क्याची अर्धी कड तिकिटांवर, अर्धी कागदावर, तारखेचा आकडा न् आकडा स्पष्ट. मामाने तोवर रोखलेला श्वास सोडला.

तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का पडलेलं असं पाकीट म्हणजे फर्स्ट डे कव्हर. ते छापीलही मिळतं, पण छापील कव्हरं सगळी सारखी. हाताने रंगवलेल्या दोन पाकिटांवरची लाट कधीच सारखी नसते. अमेरिकेत जहाजांच्या कव्हरांच्या छंदाला मोठी परंपरा आहे. तिथल्या युद्धनौकांवर 1908 पासून टपाल कचेऱ्या सुरू झाल्या, त्यामुळे शिक्क्यात थेट जहाजाचंच नाव यायचं. असे शिक्के जमवणाऱ्यांनी 1932 मध्ये आपली संस्थाही काढली. डोरोथी नॅप यांनी जलरंगांत रंगवलेली कव्हरं संग्राहक आजही जिवापाड जपतात.

मामा माझगावला जहाजांचे नकाशे काढायचा. ‘निलगिरी’ ही भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका. ऑक्टोबर 1968 मध्ये ती माझगाव गोदीत पाण्यात उतरली आणि त्याच डिसेंबरात नौदल दिनाच्या वीस पैशांच्या तिकिटावर आली. मामाने तिचंही कव्हर केलं होतं. आठ वर्षांची असताना मी ते कात्रीने कापलं, तिकीट वाटीभर पाण्यात भिजवून सोडवलं आणि वहीत चिकटवलं. मामा रागावला नाही. कापलेलं पाकीट हातात धरून एवढंच म्हणाला, “अगं, तारीख गेली की गं.”

त्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. निलगिरी 1996 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी क्षेपणास्त्राच्या सरावात लक्ष्य म्हणून बुडवली गेली. विक्रांत 1961 मध्ये मुंबईत आली, तेव्हा पंडित नेहरू स्वागताला बॅलार्ड पियरवर उभे होते. 1971 च्या युद्धात ती लढली, नंतर काही वर्षं मुंबईतच संग्रहालय होऊन राहिली आणि शेवटी तिथल्याच दारूखाना भागात तोडली गेली. तिचं पोलाद वितळून मोटारसायकलींतही गेलं. आता त्याच नावांच्या नव्या नौका समुद्रावर आहेत, याचा अभिमान आहेच. पण मामाने पाहिलेली विक्रांत आज माझ्यापाशी तळहाताएवढी आहे, आणि ती कोणत्या दिवसाची हे शिक्का सांगतो.

2022 मध्ये नौदलाच्या नव्या निशाणावर शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तेव्हा मला मामाची फार आठवण आली. आपल्याकडे मुद्रा उमटली म्हणजे शब्द पक्का झाला. टपालाच्या शिक्क्याचंही तसंच. अमुक दिवशी हे इथे होतं, अशी ती साक्ष असते.

तुमच्या घरी कुणी आरमारात किंवा गोदीत असेल, तर त्यांची जुनी ट्रंक एकदा उघडून पाहा. पाकिटं सापडली तर तिकीट कापू नका, लॅमिनेशनही करू नका. पावसाळ्यात ओल आणि कसर लागणार नाही अशा जागी अख्खी ठेवा. निलगिरीचं ते कापलेलं पाकीट अजून माझ्याकडे आहे. चित्र शाबूत आहे. उजवा कोपरा तेवढा नाही.